१६ किलो ४००: रतनगड ते हरिश्चंद्रगड, तयारीच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२४

ठरलं. जानेवारीत रतनगड ते हरिश्चंद्रगड. चार दिवस, तीन मुक्काम, सामान आपापल्या पाठीवर. माणसं तीन: मी (वय ४८, किराणा दुकान, संगमनेर), मास्तर (शाळेपासूनचा मित्र, भूगोल शिकवतो) आणि पुण्यात शिकणारी माझी भाची. खरी भटकी तीच. आम्ही दोघांनी आजवर जे गड केले ते सकाळी निघून रात्री घरी जेवायला परत येण्याच्या बोलीवर.

खोडी मास्तरची. पावसाळ्यात पुलावर उभं राहून प्रवरेचं पाणी बघत होतो, तर म्हणाला, "शेठ, हे पाणी रतनगडावरून येतं. जन्म काढलास हिच्या काठावर, उगम पाहिलास का कधी?" नव्हता पाहिला. भाचीला फोन केला तर तिने एकाच्या जागी चार दिवस मांडले. नुसता रतनगड कशाला, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, पाचनई गाठायची, हरिश्चंद्रगड चढायचा आणि तोलार खिंडीतून खिरेश्वरला बाहेर पडायचं. म्हणजे प्रवरेच्या उगमाकडून निघून मुळेच्या खोऱ्यात. मुळा पुढे जाऊन प्रवरेलाच मिळते, तेव्हा हिशेब जुळतो.

वही वेगळी आणलेली नाही. उधारीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवरच लिहितोय. डावीकडे तारीख, उजवीकडे वजन.

६ ऑक्टोबर

प्रवरेच्या काठाने सात किलोमीटर. पाठीवर काही नाही. दमलो नाही, पण घरी आल्यावर पिंडऱ्या धरल्या. दिवसभर गल्ल्यामागे उभा असतो म्हणून पायांना सवय असेल असं वाटलं होतं. उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे आज कळलं.

९ ऑक्टोबर

बूट घेतले. सकाळी घेणार होतो, भाचीने संध्याकाळी जायला सांगितलं. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, डोंगरात तर जास्तच. सकाळी अचूक बसलेला बूट दुपारी चावतो. जाड मोजे घालून बघितले. दुकानात माल ठेवायची उतरती फळी होती, तिच्यावर उभं राहून बोटं पुढे टेकतात का तेही पाहिलं. विक्रेत्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. नेहमीचा नंबर ८, घेतला ९. पुढे करंगळीएवढी जागा राहते. सह्याद्रीत फिरणारी बहुतेक पोरं वापरतात तेच अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट. महागडे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे जोड होते, पण भाचीचं म्हणणं, आपल्या कातळावर उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा.

आता तीन महिने हेच बूट. दुकानातही. गिऱ्हाइकं विचारतात, "शेठ, पायाला काय झालं?"

१९ ऑक्टोबर

पहिल्यांदा सॅक भरली. दिवाळीचा माल उतरवून झाल्यावर रात्री दुकानातच, पोत्यांच्या काट्यावर. एकेक वस्तू वेगळी तोलली. हे काम मला येतं, मास्तरला येत नाही, याचा थोडा आनंद आहे.

रिकामी सॅक (शेजाऱ्याची, जुनी) २.१
तंबू ३.२
स्लीपिंग बॅग १.९
सतरंजी १.२
कपडे ३.०
खाणं ३.४
गॅस, शेगडी, पातेली १.६

एकूण १६ किलो ४००. पाणी धरलेलं नाही.

फोटो भाचीला पाठवला. तिचा उलट फोन: "मामा, पाणी कुठाय? मापात पाप!" वाण्याला असं ऐकून घ्यावं लागावं! तिचा नियम असा की पहिल्या खेपेला पाण्यासकट ओझं आपल्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवं. मी ७४ किलोचा. म्हणजे ११ किलो. त्यात पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. सामानाला उरले आठ. आज आहे त्याच्या निम्मं.

सौ. म्हणाली, "अहो, आठ किलो तर तुम्ही दिवाळीच्या फराळाचंच न्याल."

५ नोव्हेंबर

दिवाळी. सोळा दिवस नोंद नाही, चालणंही नाही. भाऊबीजेला भाची आली होती. तिने जाताना तिची ५५ लिटरची जुनी सॅक ठेवली. १.७ किलो, कमरेचा पट्टा चांगला रुंद. पट्टा कमरेच्या हाडावर बसवून आधी तो आवळायचा, मग खांद्याचे. सगळा भार कमरेवर गेला पाहिजे, खांद्यांनी सॅक फक्त मागे पडू द्यायची नाही. मी इतके दिवस उलटं करत होतो. आमच्या हमालांची पाठ बघितली असती तरी कळलं असतं. पोतं ते मानेखाली घेतात, पण भार पायांवर उतरवतात.

जड वस्तू पाठीला लागून आणि मधोमध, हलक्या तळाला आणि बाहेर. जड माल बाहेरच्या अंगाला गेला की सॅक मागे ओढते.

१७ नोव्हेंबर, पेमगिरी

ओझ्यासकट पहिली चढाई. ओझं म्हणून साखर. एक-एक किलोच्या सहा पिशव्या भरल्या. वजन बिनचूक आणि घरी आल्यावर परत फळीवर ठेवता येईल असा वाण्याचा विचार.

पेमगिरी आमच्या तालुक्यातलाच. निजामशाहीचा लहानगा मुर्तजा याला शहाजीराजांनी इथे गादीवर बसवून कारभार हाती घेतला, तो हा किल्ला. गडाइतकंच नाव गावाबाहेरच्या वडाचंही आहे. पारंब्या उतरून त्याचीच एक राई झाली आहे. आधी तिथे गेलो आणि मग वर.

अर्ध्या वाटेत पाठीला ओलं लागलं. घाम असेल म्हणून सोडून दिलं. वर पोचून सॅक उतरवली तर एक पिशवी फुटलेली, घामात साखर विरघळून शर्टाचा पाक झालेला. गडावर मुंग्या कमी नाहीत. मास्तर दगडावर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

शिकलो ते असं: साखर नको, तांदूळ. तोही दुहेरी पिशवीत. आणि आत जे काही असेल ते आधी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत, मग सॅकमध्ये.

२१ नोव्हेंबर

काल मतदान, दुकान अर्धा दिवस बंद. संध्याकाळी घराच्या जिन्यावर आठ किलो तांदूळ घेऊन वर-खाली चाळीस फेऱ्या. आई खालून विचारत होती, गच्चीत काय एवढं वाळत घातलंय.

१ डिसेंबर, कळसूबाई

बारी गावातून पहाटे सहाला सुरुवात. सॅक ८ किलो, पाणी वेगळं ३. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. रविवार असल्यामुळे लोखंडी शिड्यांपाशी रांग. भाचीच्या फोनमधल्या नोंदीप्रमाणे एका बाजूने साडेसहा किलोमीटर आणि साडेआठशे मीटर चढ. आम्हाला वर जायला चार तास लागले.

मास्तर एक जुना ठोकताळा वापरतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये मांडलेला. त्याने आमचा हिशेब यायला हवा होता पावणेतीन तास. लागले चार. म्हणजे आम्ही दीडपट. मास्तर खूश झाला, कारण आता त्याला सगळ्या टप्प्यांची वेळ दीडपटीने मांडता येईल. मी खूश झालो नाही.

खरी गंमत उतरताना. चढताना फक्त धाप लागते, उतरताना गुडघे. शेवटच्या तासाला उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने असा दुखायला लागला की पायऱ्या आडव्या उतरलो. भाची काही बोलली नाही. तिची काठी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागली.

आणखी एक लिहून ठेवतो. वाटेवर पडलेली पाकिटं बघत होतो. वेफर, गुटखा, पाच रुपयांची बिस्किटं. त्यातल्या दहांपैकी आठ कंपन्यांचा माल माझ्या दुकानात लटकलेला असतो. उतरताना एका पिशवीत जमतील तेवढी गोळा केली. तेवढ्याने काही होत नाही, पण मोकळ्या हाताने खाली यायला बरं वाटेना.

३ डिसेंबर

डॉक्टरांना गुडघा दाखवला. सूज नाही, झीजही फारशी नाही, मांडीचे स्नायू कच्चे. व्यायाम दिला: एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा आणि तितक्याच सावकाश वर घ्यायचा. प्रत्येक पायाला पंधरा, दिवसातून तीनदा. दुकानाची पायरी कामाला आली. शिवाय वजन कमी करा म्हणाले. पाठीवरचं की माझं, ते विचारलं. दोन्ही, म्हणाले.

वेताची काठी घेतली. ४१० ग्रॅम, पण हातातलं वजन हिशेबात धरायचं नाही असं तिघांनी ठरवलंय.

८ डिसेंबर

आजची नोंद मोठी, कारण आज तंबू गेला.

राजूरला माझा एक किराणावाला मित्र आहे. त्याच्या ओळखीने रतनवाडी आणि कुमशेतला फोन झाले. दोन्हीकडे घरी राहायची आणि जेवणाची सोय होते. कुमशेतचे बाबा एवढंच म्हणाले, "या की. माणसं किती?" तिसरी रात्र हरिश्चंद्रगडावर. तिथे पाचनईच्या लोकांच्या खोपटवजा खानावळी आहेत. जेवण मिळतं, पथारी टाकायला जागा मिळते.

मग तंबू कशाला, असं मी म्हटलं. मास्तर बिथरला. त्याच्या मनात तंबू म्हणजेच भटकंती. भाचीचं मत माझ्या बाजूने पडलं, पण कारण वेगळं. तंबू असला की आपण गावाबाहेर राहतो, स्वतःचं शिजवतो, आणि गावाला आपला उपयोग काय, तर कचरा. गावात जेवलो तर चार पैसे तिथे पडतात. शिवाय हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, तिथे आग पेटवायला बंदी. मग शेगडी, गॅस, पातेली यांचंही काम नाही.

तंबू ३.२ आणि स्वयंपाकाचं १.६. एका बैठकीत ४ किलो ८०० उतरले. इतकी घट मला दुकानात कधी आनंदाने लिहायला मिळाली नव्हती.

मास्तरने अट घातली: एक हलकी ताडपत्री घ्यायची, कुठे अंधार पडला तर. मान्य. ती तो उचलणार.

१५ डिसेंबर

काल दत्तजयंती. रात्री गच्चीवर झोपून पाहिलं. नवीन स्लीपिंग बॅग (पुण्याहून भाड्याने, १.३ किलो) आणि खाली सतरंजी. दोन वाजता जाग आली. अंगावरून ऊब होती, थंडी खालून येत होती. अंगाखाली बॅगेतला कापूस दबतो आणि त्यात हवा राहत नाही, म्हणून खालची बाजू असून नसल्यासारखी. सतरंजी काढली आणि भाचीची कॅरीमॅट टाकली, ३०० ग्रॅमची, दिसायला थर्माकोलचा तुकडा. सकाळपर्यंत झोप.

सतरंजी १.२ गेली, मॅट ०.३ आली. डोक्याला माकडटोपी. कोणी कितीही हसो, तिच्याइतकं हलकं आणि गरम काही नाही.

१७ डिसेंबर

खाण्याचा हिशेब. सकाळ-रात्र गावात, म्हणजे आम्हाला लागणार चार दुपारी आणि चालता चालता तोंडात टाकायला. इथे माझा धंदा कामी आला. दुकानात मी रुपयाला किती हे बघतो, इथे ग्रॅमला किती उष्मांक ते बघायचं. शेंगदाणे १०० ग्रॅमला ५६० च्या वर, गूळ ३८० च्या आसपास, पोहे साडेतीनशे. काकडी आणि टोमॅटो जवळजवळ पाणीच. पाणी काय, तिकडेही उचलायचंच आहे, मग ते काकडीच्या रूपात कशाला?

दाण्याचे गुळातले लाडू ६०० ग्रॅम. दशम्या (दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात) ५००. खजूर ३००, बी काढून. फुटाणे २००. पातळ पोह्यांचा चिवडा २००. एकूण १ किलो ८००. चिवडा न्यायचा नव्हता, जागा फार खातो. सौ.ने न विचारता पिशवीत घातला आणि मी न विचारता काट्यावर घेतला.

साखर-मीठ-पाण्याच्या पुड्या बांधल्या: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बारा पुड्या. मास्तरच्या पुड्या मीच बांधल्या. त्याच्या हाताला पुडी बांधायचं वळण नाही.

२२ डिसेंबर, पट्टा

रंगीत तालीम. काल आणि आज, सलग दोन दिवस. भाची म्हणते पहिला दिवस कोणीही चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक पाठीवर घेताना काय वाटतं ते बघायचं.

पट्टा किल्ला, म्हणजे विश्रामगड. जालना लुटून परतताना १६७९ मध्ये शिवाजी महाराज इथे थांबले होते, विश्रांती घेतली, म्हणून विश्रामगड. आजूबाजूला आता पवनचक्क्या. आम्ही काल पूर्ण ओझ्यासह वर जाऊन, पायथ्याला राहून, आज परत वेगळ्या बाजूने डोंगर फिरलो.

आज सकाळी काय वाटलं? खांदे काल सॅकचे पट्टे होते तिथे निळे. डाव्या टाचेला फोड येऊ घातलेला, लाल गोल. लगेच चिकटपट्टी लावली. फोड आल्यावर उपाय फार, येण्याआधी एकच. सुती मोजे घामाने ओले होतात आणि घासतात, म्हणून आतून पातळ नायलॉनचे, बाहेरून जाड. हे मला भाचीने ऑक्टोबरातच सांगितलं होतं. तेव्हा मोजेच तर आहेत असं म्हणालो होतो.

गुडघा दुखला नाही. पायरीला नमस्कार.

मास्तरचं मात्र बिनसलं. बुटाचा तळ मागून उचकटला. बारा वर्षांचे बूट, वापरले थोडे, ठेवून ठेवून डिंक वाळलेला. सुतळीने बांधून खाली आला. बरं झालं इथे झालं, कात्राबाईच्या खिंडीत नाही. मी माझ्या बुटांची गोष्ट काढली नाही. अडीच महिने तो मला "बूटवाले शेठ" म्हणत होता.

२६ डिसेंबर

तारीख पक्की: सोमवार ६ ते गुरुवार ९ जानेवारी. एकतीस डिसेंबरची गर्दी ओसरलेली, शनिवार-रविवार टाळलेला, आणि संक्रांतीच्या आधी परत. तीळ आणि गूळ २ तारखेपर्यंत भरून ठेवायचं. दुकान सौ. आणि पोऱ्या बघणार. तिने मला उधारीच्या नावांची यादी मागितली. कोणाला द्यायची नाही, ती. चाळीस नावं लिहून दिली. तिने त्यातली सात खोडली. "यांना मी देणार," म्हणाली.

३० डिसेंबर

टप्पे, मास्तरच्या दीडपटीसह. पहिल्या दिवशी रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ, सॅक गावात ठेवून रतनगड. शिड्या, नेढं (कातळातलं आरपार भोक), आणि प्रवरेचा उगम. संध्याकाळी खाली. दुसरा दिवस सगळ्यात लांब: जंगलातून कात्राबाईची खिंड आणि पलीकडे कुमशेत. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून तीन लिटर पूर्ण भरून. वाटा फुटतात, म्हणून खिंडीपर्यंत रतनवाडीचा एक माणूस सोबत घेतोय. मास्तरकडे नकाशा आहे, फोनमध्येही उतरवलाय, पण नकाशावर गुरांची वाट आणि माणसांची वाट वेगळी दिसत नाही. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, संध्याकाळी कोकणकडा. चौथ्या दिवशी पहाटे केदारेश्वराची गुहा, मग तोलार खिंड, खिरेश्वर, धरणाच्या काठाने खुबी फाटा, तिथून एसटीने आळेफाटा आणि संगमनेर.

नळीची वाट (कोकणातून हरिश्चंद्रगडावर चढणारी अवघड वाट) हा शब्द भाचीने दोनदा काढला. दोन्ही वेळा विषय बदलला.

५ जानेवारी २०२५, रात्री

काटा शून्य केला. शेवटचं वजन:

सॅक १.७
स्लीपिंग बॅग १.३
कॅरीमॅट ०.३
कपडे १.६ (चालायचा जोड अंगावर. सॅकमध्ये एक कोरडा जोड, तो फक्त रात्री घालायचा, कितीही मोह झाला तरी. स्वेटर, विंडचीटर, माकडटोपी, मोजे तीन जोड)
खाणं १.८
औषधं, हेडटॉर्च, पॉवर बँक, क्रेप बँडेज, शिट्टी, पुड्या, किरकोळ १.१

७ किलो ८००. पाणी ३. एकूण १० किलो ८००. मी स्वतः ७३. पंधरा टक्के धरले तर १०.९५. दीडशे ग्रॅम शिल्लक.

पाण्याच्या बाटल्यांवर सौ.शी वाद झाला. तिची स्टीलची बाटली रिकामी २४० ग्रॅम, शीतपेयाची रिकामी बाटली ३५. तीन बाटल्यांमागे सहाशेच्या वर फरक. तिला काटा दाखवला. काटा दाखवल्यावर ती वाद घालत नाही, वाण्याच्या घरची आहे.

दुकान बंद करून घरी आलो तर आई जागी. हातात तांब्याचा गडू, झाकणाचा. उगमाचं पाणी आण म्हणाली. तिला सांगितलं, उगम पहिल्याच दिवशी आहे, पुढचे तीन दिवस ते पाणी मला पाठीवर घेऊन फिरावं लागेल, गडू अर्ध्या किलोचा, वर पाणी. ती म्हणाली, "मग राहू दे. नदी काय, दारातूनच जाते आपल्या." आणि गडू परत देव्हाऱ्यात ठेवला.

खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली सापडली. गरम पाण्याने तीनदा धुतली. रिकामी १५ ग्रॅम, भरून ११५. खाली "आई" असं नाव लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली. शिल्लक ३५.

भाची आत झोपली आहे. मास्तरचा फोन येऊन गेला, नवे बूट घालूनच बसलाय म्हणाला. पहिली राजूर गाडी.